हृदयाचे ऑपरेशन नागपुरात, पण छातीच्या जखमेची राखण घरीच : पहिले तीन महिने काय करायचे, काय टाळायचे

तुमसर : हृदयाचे ऑपरेशन झाले, रुग्ण घरी आला, पाहुणे भेटून गेले, की घरच्यांना वाटते संकट टळले. पण छातीवरची जखम बिघडते ती बहुतेक वेळा सुट्टी झाल्यानंतरच. तेव्हा रुग्ण डॉक्टरांच्या नजरेसमोर नसतो, आपल्या घरच्या खाटेवर असतो. जखमेकडे बघणारे डोळे घरच्यांचेच असतात. म्हणून ही माहिती रुग्णापेक्षाही घरच्या माणसांनी वाचून ठेवावी. मोबाईलमध्ये जपून ठेवली तरी चालेल.

आमच्या घरचे नऊ दिवस

माझ्या मोठ्या बाबांची बायपास नागपूरच्या एका रुग्णालयात झाली. आठव्या दिवशी घरी आणले. जखम कोरडी, चेहऱ्यावर तेज. दोन आठवडे बरे गेले आणि रोवणी लागली. बांधावर नुसते बघायला म्हणून गेले आणि पऱ्ह्यांचे एक ओझे दोन्ही हातांनी ओढून सरकवले. तीन दिवसांनी बनियनवर, जखमेच्या खालच्या टोकाला, रुपयाएवढा ओला डाग दिसला. "एवढ्याशा पाण्यानं का होते, सुकून जाईन," असे ते म्हणाले आणि आम्हीही मानले. हळद लावली. गावातल्या डॉक्टरकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. डाग दिसला त्याच्या नवव्या दिवशी ताप भरला आणि खोकताना छातीत कट्-कट् वाजायला लागले. गाडी करून नागपूरला नेले, तर हाडाखाली पू झालेला, तारा सैल झालेल्या. दुसरे ऑपरेशन, आणि महिनाभर दवाखान्यात मुक्काम. मोठे बाबा आज आहेत, बांधावर फेरी मारतात. ओझे ओढले ही त्यांची चूक. पण नऊ दिवस वाट पाहिली ही आमची, घरच्यांची चूक होती.

छाती उघडतात कशी, जोडतात कशी

बायपास असो, झडप बदलणे असो की हृदयातले छिद्र बुजवणे, बहुतेक मोठ्या ऑपरेशनमध्ये छातीचे मधले हाड (उरोस्थी) वरपासून खालपर्यंत उभे कापतात. काम झाल्यावर हाडाचे दोन्ही भाग जवळ आणून स्टीलच्या तारांनी पिळून बांधतात आणि वरून कातडी शिवतात. या तारा जन्मभर आतच राहतात, त्यांचा त्रास सहसा होत नाही.

हात मोडला तर प्लास्टर घालून तो हलू देत नाहीत. छातीला प्लास्टर घालता येत नाही. आपण श्वास घेतो, खोकतो, कूस बदलतो, तेव्हा प्रत्येक वेळी त्या हाडावर ताण येतो. खांद्याचे आणि छातीचे मोठे स्नायू या हाडाला दोन्ही बाजूंनी धरून असतात. एका हाताने जोर लावला की हाडाची एक बाजू ओढली जाते. हाड चांगले धरायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरते पक्के व्हायला साधारण तीन महिने. वरची कातडी मात्र दोन-तीन आठवड्यांतच भरलेली दिसते. फसगत इथेच होते. वरून बरे दिसते, आत हाड अजून कच्चे असते.

बिघाड कोणते होतात

एक, वरवरचा संसर्ग. कातडी लाल होते, थोडे पाणी किंवा पू येतो. वेळेत दाखवले तर ड्रेसिंग आणि औषधांनी आटोक्यात येतो.

दोन, हाड सैल होणे. तारा हाडात रुततात किंवा तुटतात, दोन्ही भाग एकमेकांवर घासतात आणि कट्-कट् वाजते.

तीन, खोल संसर्ग. जंतू हाडात आणि हाडाच्या मागे, हृदयाच्या शेजारी पोहोचतात. हा शंभरातल्या एक-दोन रुग्णांनाच होतो, पण झाला तर जिवावर बेतू शकतो. मग पुन्हा भूल, जखम उघडून साफ करणे, स्पंज लावून यंत्राने आतले पाणी ओढणे, कधी छातीचा स्नायू वळवून पोकळी भरणे आणि कित्येक आठवडे अँटिबायोटिक, एवढे सगळे करावे लागते.

हे तिन्ही एकमेकांत मिसळतात. हाड हलले की जखमेत फट पडते आणि जंतूंना वाट मिळते. जंतू आत गेले की हाड जुळत नाही. म्हणून जखम कोरडी ठेवणे आणि हाड हलू न देणे, या दोन गोष्टी सोबतच सांभाळायच्या.

कोणी जास्त जपायचे

- साखरेची बिमारी असलेले
- वजन फार जास्त असलेले
- बिडी, सिगारेट ओढणारे, तंबाखू-खर्रा खाणारे
- दमा किंवा जुना खोकला असलेले
- किडनीचा आजार असलेले
- स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असलेले
- ज्यांची छाती दुसऱ्यांदा उघडली आहे असे रुग्ण

यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच माणसात असतील, तर घरच्यांनी दुप्पट लक्ष द्यावे.

तयारी ऑपरेशनच्या आधीपासून

ऑपरेशन तातडीचे नसेल आणि तारीख मिळाली असेल, तर मधला वेळ वाया घालवू नका.

साखर : तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. साखर जास्त निघाली तर लपवू नका, औषध वाढवून घ्या.

तंबाखू : बिडी-सिगारेट कमीत कमी चार आठवडे आधी पूर्ण बंद. खर्राही बंद. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्त कमी पोहोचते. "ओढत नाही, फक्त खर्रा खातो" म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे.

दात आणि कातडी : किडलेला दात, पायाची चिखली, अंगावरचा फोड, गळू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. जंतू तिथूनही येतात.

केस : छातीचे केस घरी वस्तऱ्याने किंवा ब्लेडने काढू नका. बारीक ओरखडे पडतात आणि त्यात जंतू बसतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात मशीनने काढतात.

आंघोळ : आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने, किंवा दवाखान्याने दिलेल्या क्लोरहेक्सिडीनच्या औषधी पाण्याने आंघोळ करायला सांगतात. काही ठिकाणी नाकात लावायला मलम देतात, कारण जखम बिघडवणारे जंतू पुष्कळांच्या नाकात राहतात. कंटाळा करू नका.

चिरा देण्याच्या आधी तासाभरात अँटिबायोटिकचे इंजेक्शन देणे, ऑपरेशननंतर साखर साधारण १८० च्या खाली ठेवणे ही कामे डॉक्टरांची. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे सांगणे मात्र आपले काम.

घरी आल्यावर जखम कशी सांभाळायची

- जखमेजवळ जाण्याआधी साबणाने हात धुवा. भेटायला आलेल्या कोणालाही जखमेला हात लावू देऊ नका.
- आंघोळीची परवानगी डॉक्टरांनी दिल्यावर साधा साबण आणि कोमट पाणी वापरा. जखम घासू नका. स्वच्छ, धुतलेल्या कापडाने टिपून कोरडी करा. तो टॉवेल दुसऱ्याने वापरू नये.
- आपला जिल्हा तलावांचा. पण जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत तलावात, नदीत, कालव्यात उतरायचे नाही. वैनगंगेची आंघोळ नंतरही करता येते.
- हळद, तेल, राख, पावडर, झाडपाल्याचा लेप, मेडिकलमधून मनाने आणलेले मलम, यातले काहीही लावायचे नाही. हळद स्वयंपाकात चांगली. उघड्या जखमेवर मात्र तिच्यासोबत घाणही जाते, आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसत नाही.
- खपली काढू नका. टाक्याचे किंवा तारेचे टोक टोचत असेल तर ओढू नका, डॉक्टरांना दाखवा.
- सुती, सैल, समोरून उघडणारे कपडे घाला आणि रोज बदला. उन्हाळ्यात घामाने बनियन भिजले की लगेच बदला. पावसाळ्यात दमट कपडा घालू नका.
- रोज एकाच वेळी, एकाच उजेडात जखमेचा मोबाईलवर फोटो काढा. काल आणि आजचा फरक लगेच कळतो, आणि डॉक्टरांनी मागितला तर दाखवता येतो.

वजन, उठणे-बसणे आणि शेतीची कामे

पहिले सहा ते आठ आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचे नाही. पाच किलो म्हणजे किती, ते आपल्या घरातल्या वस्तूंवरून बघा. भरलेली बादली पंधरा किलोच्या आसपास. दोन वर्षांचा नातू दहा-बारा किलो. पाठीवरचा फवारणी पंप भरल्यावर वीस किलोच्या जवळ. धानाचा भरलेला कट्टा चाळीस किलो. यातली एकही गोष्ट या काळात नाही.

उचलण्याएवढेच ओढणे आणि ढकलणे वाईट. हातपंप मारणे, इंजिनचे हँडल फिरवणे, मोटारसायकलला किक मारणे, विहिरीतून पाणी ओढणे, जनावराचे दावे धरणे, जड दरवाजा किंवा लोखंडी फाटक ढकलणे, पीठ मळणे, कपडे पिळणे, हे सगळे बंद. बैलाने अचानक हिसका दिला तर हाड तिथेच सरकू शकते.

उठताना : सरळ झटक्यात उठून बसू नका. आधी टोंगळे दुमडा, पूर्ण अंग एकत्र कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा आणि मग उठा. जोर पायांचा लावा. सैल बाजेवर अंग खोल जाते आणि हातांनी ओढून उठावे लागते. म्हणून टोंगळ्याएवढ्या उंचीचा तखत किंवा दिवाण बरा. जमिनीवर झोपणे काही आठवडे टाळा.

सगळ्यात जास्त होणारी चूक : घरचे लोक मायेने रुग्णाचा एक हात धरून किंवा काखेत हात घालून त्याला उठवतात. असे करू नका. पाठीमागे हात ठेवून आधार द्या.

संडास : उकिडवे बसून उठताना हातावर भार येतो. शक्य असेल तर खुर्चीचे कमोड आणा. पोट साफ राहील असे खा, कुंथू नका. गरज पडली तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या.

प्रवास : सहा आठवडे मोटारसायकल चालवायची नाही, आणि मागे बसून खड्ड्यांच्या रस्त्याने जाणेही टाळा. कारमध्ये मागच्या सीटवर बसा, सीटबेल्ट लावा आणि पट्टा व छाती यांच्यात घडी केलेला टॉवेल ठेवा.

पण याचा अर्थ पडून राहा असा नाही. रोज थोडे थोडे चालणे वाढवा. जेवणे, केस विंचरणे, कपडे घालणे ही कामे स्वतः करा. दोन्ही हात एकदम, अंगाजवळ ठेवून, दुखेल तिथे थांबून हलवा. भीतीने हात बांधून बसले की खांदे आखडतात.

शेतीचा हिशेब साधारण असा ठेवा. सहा ते आठ आठवडे फक्त चालणे आणि देखरेख. त्यानंतर डॉक्टरांनी हाड तपासून हो म्हटले तर हलकी कामे. कुदळ, फवारणी पंप, कट्टे उचलणे, ट्रॅक्टर ही कामे तीन महिन्यांनंतर, तीही विचारूनच. ऑपरेशनची तारीख आपल्या हातात असेल तर रोवणी किंवा धान कापणीत घरी कोण काम करणार याची सोय आधीच लावा. घरात माणूस नसला की रुग्ण स्वतः उठतो.

खोकला, शिंक आणि श्वास

खोकला दाबून ठेवू नका, कफ साचतो. पण खोकताना, शिंकताना, हसताना एक उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरा. ही उशी पहिले काही आठवडे हाताशीच ठेवा. दवाखान्याने दिलेले तीन गोळ्यांचे श्वासाचे यंत्र सांगितल्याप्रमाणे रोज ओढा. खोकला थांबतच नसेल तर औषध घ्या, कारण प्रत्येक ढासेला तारांवर ताण येतो. घरात चुलीचा धूर होत असेल तर रुग्णाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

खाणे आणि साखर

डाळ, अंडी खाल्ली की जखमेत पू होतो, असा समज आपल्याकडे अजून आहे. तो चुकीचा आहे. पू जंतूंमुळे होतो. नवे मांस आणि हाड भरायला प्रथिने लागतात. तूर-मूग-चण्याची डाळ, दूध-दही, अंडी, मासोळी, जे घरात चालते ते कमी तेल-मिठात रोज द्या. नुसत्या भातावर जखम भरत नाही. किडनीचा आजार असेल तर प्रथिने किती ते डॉक्टरांना विचारा.

साखरेचा रुग्ण असेल तर ठरवून दिलेल्या वेळी साखर तपासून वहीत लिहा. साखर वाढली की जखम भरणे मंदावते आणि जंतू वाढतात. उलटेही होते. जखमेत संसर्ग झाला की साखर अचानक वाढते. खाण्यात फरक नसताना साखर चढू लागली तर जखम नीट बघा.

झडप बदललेले रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्यांनी दुखते म्हणून मनाने कोणतीही दुखीची गोळी घेऊ नये.

बायांसाठी आणि लहान मुलांसाठी

स्तनांच्या वजनाने जखमेचा खालचा भाग ओढला जातो. म्हणून समोरून उघडणारी, सुती, तार नसलेली, नीट मापाची ब्रा दिवसा-रात्री घालावी असे सांगतात. स्तनाखालची घडी रोज पुसून कोरडी ठेवा. लाजेने बाया जखम कोणाला दाखवत नाहीत आणि बिघाड उशिरा कळतो. सुनेने, लेकीने रोज विचारावे आणि बघावे. आणि घरी आली म्हणून पाणी भरणे, पीठ मळणे तिच्याच अंगावर येते, ते येऊ देऊ नका.

लहान मुलाला काखेत हात घालून उचलू नका. एक हात ढुंगणाखाली, दुसरा पाठ-मानेखाली घालून उचला. मुलांचे हाड लवकर जुळते, तरी झाडावर चढणे, सायकल, कुस्ती डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

पायाची जखम विसरू नका

बायपाससाठी बऱ्याचदा पायाची शीर काढतात. बसताना तो पाय उंच ठेवा, पायावर पाय टाकून बसू नका, चिखलात जाऊ नका. थोडी सूज चालते. लाली, पू, किंवा पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर दाखवा.

काय चालते, काय चालत नाही

सहसा काळजी नाही : जखमेला खाज, आजूबाजूला बधिरपणा, हलवल्यावर थोडे दुखणे, खांद्यात-पाठीत आखडणे, वण थोडा उंच किंवा गडद दिसणे.

त्याच दिवशी फोन करा :
- जखमेतून पाणी, रक्त किंवा पू येणे, डाग कितीही लहान असला तरी
- लाली किंवा सूज रोज वाढणे, जखम गरम लागणे, वास येणे
- टाके उघडणे, फट दिसणे
- हाडात कट्-कट् वाजणे किंवा हाड हलल्यासारखे वाटणे
- १००.४ फॅरनहाईट किंवा जास्त ताप, थंडी वाजणे
- कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे

लगेच १०८ ला फोन करा : धाप लागणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे, शुद्ध हरपणे, जखमेतून भळभळ रक्त येणे.

कुठे जायचे

जखमेबाबत पहिला फोन जिथे ऑपरेशन झाले त्याच रुग्णालयाला. आत काय केले, किती तारा घातल्या, हे त्यांनाच माहीत असते. सुट्टीच्या वेळी तिथला फोन नंबर मागून घ्या आणि सुट्टीच्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. गावातला डॉक्टर किंवा तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय ताप, साखर, ड्रेसिंग बघू शकते. पण जखमेतून पाणी येत असताना नुसत्या गोळ्या घेऊन घरी थांबू नका. गोळीने वरचा ताप उतरतो, आतला पू तसाच राहतो. नागपूर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. तुमसर रोड स्टेशनवरून, म्हणजे देव्हाडीवरून, रेल्वेही आहे. पण ताप किंवा धाप असेल तर रुग्णाला रेल्वेच्या गर्दीत नेऊ नका.

खर्चाची भीती हे उशिराचे मोठे कारण असते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशने बसतात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधेही त्यात धरलेली आहेत. त्यानंतर जखम बिघडली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. योजनेचा नंबर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयातही हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाकडे चौकशी करा.

शेवटी

धानाच्या बांधीचा बांध फुटतो तेव्हा आधी बोटाएवढी झिर दिसते. ती तेव्हाच दाबली तर मूठभर माती पुरते. रात्रभर सोडली तर सकाळी पूर्ण बांध गेलेला असतो. छातीच्या जखमेचे तसेच आहे. बनियनवर डाग दिसला, त्याच दिवशी फोन करा. डॉक्टर म्हणाले "काही नाही, येऊ नका", तर उत्तमच. एका फोनचेच काम होते. आम्ही तो नऊ दिवस केला नाही.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. आपल्या रुग्णासाठी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी जे सांगितले असेल तेच आधी पाळावे.)